सोप्यात तंबाखू ठेवायची नाही

भरमू आणि रवळू, तुमची आई मेली आहे. विसरला असाल म्हणून पहिल्याच ओळीत सांगते. तुम्हाला वाचता येतं. ते कुणी शिकवलं हे तुम्हाला आठवत नाही, म्हणून पुढचं सगळं लिहून ठेवावं लागतंय.

मी नागुबाई कोम भावकू खोत, म्हणजे भावकूची बायको, वय अदमासे सत्तर, राहणार निपाणी, तालुका चिकोडी, जिल्हा बेळगाव. माझी अक्कल जाग्यावर असताना, कुणी धाक न घालता आणि कुणी गोड बोलून न भुलवता हे मृत्युपत्र करते. मला अक्षर येत नाही. मी सांगते आणि पद्मराज दस्तलेखक लिहितो. माझं बोलणं धुऊन-पुसून लिहायचं नाही, हे त्याला बजावलं आहे.

कलम पहिलं. पेठेतलं घर माझ्या एकटीच्या मालकीचं. मालक वारल्यावर माहेरच्या पाटल्या मोडून मी ते घेतलं. त्यात कुणाच्या बापाचा पैसा नाही, तुमच्याही बापाचा नाही. मागचं घर आणि परसू दोघांनी निम्मं-निम्मं घ्यावं. न्हाणीच्या भिंतीवरून भांडायचं तेवढं भांडा, मला आता ऐकू येणार नाही.

पुढचा सोपा, म्हणजे रस्त्याकडची ओसरी, मात्र जिनपाल मास्तरांना दिला आहे. हयातभर त्यांनी तिथं राहावं, पोरं शिकवावीत. त्यांच्यामागं तो पेठेतल्या पोरांच्या शिकण्यासाठीच राहावा. तंबाखूचं एक पानही तिथं ठेवायचं नाही.

पद्मराज म्हणतो, "आजी, कारण लिहायची गरज नसते."

"तुला नसंल. तूबी त्याच सोप्यात मुळाक्षरं गिरवलीस. लिव्ह."

मास्तर सदलग्याहून आले तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होतं. मी सोपा दिला. भाड्याऐवजी त्यांनी माझी पोरं शिकवली. भरमूचं अक्षर असं वळवलं की बेळगावच्या कचेरीत त्याला त्या अक्षरावर नोकरी लागली. रवळूची तर जीभ अडकायची. गल्ली त्याला वेडावायची आणि तो घोंगड्याखाली लपायचा. मास्तर त्याला विहिरीवर न्यायचे. रहाट फिरायचा आणि त्या तालावर पोरगं एकेक शब्द सोडवायचं. पावसाळे गेले, पण मास्तर कंटाळले नाहीत. आज रवळू तंबाखूच्या लिलावात गर्जतो. ती जीभ मी जन्माला घातली, पण चालवली मास्तरांनी.

त्याच जिभेनं परवा तो सोप्यात म्हणाला, "मास्तर, आता तुमचं हितं काय काम न्हाय. वखार करायची हाय. जागा मोकळी करा."

मी चुलीपुढं होते. वाटलं, आता हा माणूस रडणार. मास्तर म्हणाले, "बरं रवळू. किती स्पष्ट बोलतोस रं आता!"

आणि हसले. खरंच आनंदानं हसले. रवळू, तुला ते ऐकू आलं नाही. मला आलं, आणि माझी भाकरी तव्यावर करपली.

पाठोपाठ भरमूनं मास्तरांना जागा सोडायची नोटीस स्वतःच्या हातानं लिहून धाडली. सगळी पेठ म्हणाली, अक्षर काय सुंदर! अशा सुंदर अक्षराला आग लागो.

कलम दुसरं. मास्तरांना बाहेर काढायला जो जाईल, त्याचा मागच्या घरावरचा हक्क संपला. तो हिस्साही शाळेला. पद्मराज, हे जाड लिव्ह.

कलम तिसरं. बोरमाळ थोरल्या सुनेला. जातं धाकटीला. ती म्हणते, गिरणी आली आहे. आली असेल, पण रागात दळायला जातंच लागतं. शेजारच्या अक्काताईनं नेलेली माझी परात तिच्याकडून परत आणावी आणि मग तिलाच भेट द्यावी. एकदा तरी तिच्या तोंडून "परत दिली" असं येऊ दे.

कलम चौथं, आणि हे गिळता येत नाही. रवळूच्या लग्नात पहिल्या पंगती वखारवाल्यांच्या बसल्या. मास्तर मांडवाच्या खांबाला टेकून बसून राहिले. दिवस मावळला, गॅसबत्ती पेटली, तेव्हा भरमू आला, "चला मास्तर, पान मांडलंय." मास्तर जैन. दिवस बुडाल्यावर ते पाणीसुद्धा घेत नाहीत. रोज दिवेलागणीच्या आधी त्यांचं ताट सोप्यात कोण पोचवायचं? तुम्हीच ना रं दोघं? मास्तर जोडप्याला अक्षता टाकून उपाशी गेले. आणि मागून माझी शिकलेली पोरं एकमेकांना विचारतात, "मास्तर रुसलं काय?"

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. ठिकाण निपाणी, ता. ११ फेब्रुवारी १९३८.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, नागुबाई कोम भावकू खोत.
साक्षीदार: मष्णू रामू चौगुले. जोतिबा सिदू माने.
दस्तुर: पद्मराज आदाप्पा उपाध्ये.

आणखी एक. पद्मराज म्हणतो, अंगठ्याखाली लिहिलेलं कायद्यानं चालत नाही. म्हटलं, "कायद्यासाठी न्हाय रं, रवळूसाठी लिव्ह."

रवळू, माझं सुतक फिटल्यावर चुलीवर पहिला तवा चढेल तो मास्तरांसाठी. दोन ज्वारीच्या भाकरी, वर तूप, मुगाची आमटी, वाटीभर भात. कांदा नको, लसूण नको. ताट तू स्वतः न्यायचंस, नोकराहाती नाही. आणि दिवस मावळायच्या आत.