सुपारी फोडण्याआधी

आबा,

भांडायला बसलेय, हे आधीच सांगून ठेवते. खुशाली विचारणार नाही. तुमची कळायची सोय नाही, आणि माझी तुम्ही कधी विचारली नाहीत. परवा पुण्याला हृदयाच्या डॉक्टरकडे गेले होते. पोरसवदा डॉक्टर, पण हात हलका. छातीवर यंत्र फिरवलं, पडद्यावर माझ्या काळजाची उघडझाप बघत बसला आणि म्हणाला, ‘आजी, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता ना? झडप तेव्हाच बिघडलीय. पण इतकी वर्षं टिकलात कशा?’ मी म्हटलं, दर महिन्याला सुई घेत होते, वडील घेऊन जायचे. त्यावर त्यानं चक्क हात जोडले. ‘त्या काळात, त्या गावात? अशा बापाचे पाय धरायला पाहिजेत.’ पाय मी धरले होते, आबा. कशासाठी ते त्याला काय सांगणार! घरी आले, ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं.

तो ताप आला तेव्हा मी चौथीत असेन. आधी घसा धरला, मग गुडघा सुजला. गुडघा उतरला की कोपर, कोपर उतरलं की घोटा. अंगावर गोधडी टाकली तरी मी किंचाळायची. आई एरंडाची पानं बांधत होती, शेजारीण म्हणत होती, ‘वारं गेलंय अंगावरनं.’ मग एक दिवस छातीत असं धडधडायला लागलं की अंगातलं पोलकं वरून हलताना दिसत होतं. तुम्ही लाकूड तासत होतात, हातातला वाकस टाकलात, मला खांद्यावर घेतलंत आणि कासार आंबोलीहून पौडपर्यंत चालत गेलात. एस.टी.ची वाट बघितली नाहीत. आणि पौडच्या दवाखान्यात नेमकी त्याच दिवशी पुण्याच्या मोठ्या इस्पितळातली डॉक्टरीणबाई आली होती.

ती महिन्यातून एकदा जीपनं यायची. अशा तापानं काळीज अधू झालेली मुलं ती मुळशीतल्या गावागावांतून गोळा करत होती. दर महिन्याला पेनिसिलिनची सुई दिली तर ताप परत येतो का, काळीज आणखी बिघडतं का, हे तिला काही वर्षं बघायचं होतं. तुम्हाला तिनं सरळच सांगितलं, ‘बिघडलेलं हे औषध दुरुस्त करणार नाही. पण पुन्हा ताप आला नाही, तर आहे तेवढ्यावर मुलगी जगेल. एक महिनाही चुकवू नका.’ तुम्ही विचारलंत, ‘किती वर्सं?’ ती म्हणाली, ‘ते मलाही अजून माहीत नाही. तेच शोधतेय.’ तुम्हाला हे फार आवडलं. घरी येऊन आईला म्हणालात, ‘बाई लबाड न्हाई. म्हाईत न्हाई म्हनाली.’

काय ती सुई! पांढरी, दाट, पेजेसारखी. कमरेत शिरली की सगळा पाय बधिर व्हायचा, पुढं दोन दिवस मी लंगडायची. रांगेत माझ्यापुढं नांदे गावची एक मुलगी असायची, माझ्याच वयाची. ती माझा हात धरायची, मी तिचा, आणि आधी कोण ओरडतं याची आमची पैज लागायची. डॉक्टरीणबाई छातीला नळी लावून डोळे मिटायची, मग विचारायची, ‘झोप लागते का गं? चढावर दम लागतो का? शाळेत खेळतेस का?’ उत्तर तुम्हीच द्यायचात. ‘बरी हाय.’ मला तोंड उघडायला जागाच नसायची. मग तुम्ही पुढं, मी मागं लंगडत, असे आपण घरी यायचो.

पुढं आम्ही दोघी मोठ्या झालो आणि नांद्याची मुलगी यायची थांबली. डॉक्टरीणबाई स्वतः जीप घेऊन तिच्या दारात गेली, तर तिची आई आडवी आली. ‘आमची पोर ठणठणीत हाय. तुमी येऊ नका बाई, तुमची गाडी लोक बघत्यात.’ मुलीचं लग्न ठरलं होतं. सासरच्यांना काही सांगितलेलं नव्हतं, आणि सांगितलेलं नाही म्हटल्यावर सुई कुठली? दर महिन्याला पौडाला कशाला जातेस, असं सासूनं विचारलं तर पोरगी काय सांगणार! डॉक्टरीणबाईनं हे सगळं तुम्हाला सांगितलं. मला त्यातलं एवढंच ऐकू आलं की तिचं लग्न ठरलं.

मग मलाही स्थळ आलं. मुलगा पुण्यात कारखान्यात कामाला, घरचं भात, चार माणसांत मान. तुम्ही डॉक्टरीणबाईला विचारलंत, तर ती म्हणाली, ‘लग्न करा की. पण बाळंतपण हिला झेपेल असं मला वाटत नाही, आणि सुई थांबता कामा नये. सासरी सांगितल्याशिवाय हे जमायचं कसं?’ त्या दिवशी येताना वाटभर मी ओळखून होते, तुम्ही सांगणार. तुमचा धंदा मला माहीत होता ना! दुसरे सुतार लाकडातली चीर मेण आणि भुसा भरून बुजवायचे, वर रंधा मारायचे, ब्रह्मदेवालाही कळू नये. तुम्ही गिऱ्हाइकाला हाताला धरून चिरेपाशी न्यायचात. ‘हितं बघा. पटत असंल तर न्या.’ त्यापायी गिऱ्हाइकं लांबून यायची, तुमचं नाव होतं. मला त्या नावाची भीती वाटायला लागली.

ती माणसं यायच्या दिवशी सकाळी आईनं तुमच्यापुढं पदर पसरला. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची. एवढा एक दिस तोंड शिवून घ्या. सुईचं मी बघती, म्हाएरी म्हनून आनीन तिला दर म्हैन्याला.’ तुम्ही रंधा मारत राहिलात. मग मी आले. तुमच्यापुढं मान वर करून न बोलणारी मी, तिथंच भुशात बसले आणि तुमचे दोन्ही पाय धरले. ‘आबा, सांगू नका. मला जायचंय.’ तुम्ही रंधा थांबवलात. मला वाटलं, विरघळलात. पाय सोडवून घेतलेत आणि म्हणालात, ‘ऊठ. लुगड्याला भुसा लागंल.’

ओसरीवर घोंगडी अंथरलीय. मुलाची आत्या माझी वेणी हातात धरून बघतेय, मला दारापर्यंत चालून यायला सांगतेय, आणि मी दम न लागू देता चालतेय. मुलगा एकदाच वर बघतो आणि हसतो. दात जरासे पुढं. मला तो आवडला, आबा. जन्मात कुणाला सांगितलं नाही, आज सांगते. चहा झाला, त्याचे वडील मांडी बदलून म्हणाले, ‘पोरगी पसंत हाय आमाला. आना, सुपारी फोडून घिऊ.’ सुपारी फुटली की सोयरीक पक्की, मग मागं फिरणं नाही. आईनं आतून तबक सरकवलं. आणि तुम्ही म्हणता, ‘वाईच थांबा. आदी ऐकून घ्या. पोरीच्या काळजात दोष हाय. म्हैन्याला पौडात सुई घ्यावी लागती, ती चुकली तर पोरगी जाईल. आन् बाळंतपन तिला झेपायचं न्हाई. आता पटत असंल तर फोडा.’

मुलाच्या वडिलांनी तबक अलगद मागं सारलं. ‘बरं झालं, आदी सांगितलं ते.’ सगळे उठले. तो तेवढा बसून राहिला आणि त्यानं तुम्हाला विचारलं, ‘किती वर्सं घ्यावी लागंल सुई?’ वडिलांनी त्याचं कोपर धरलं. ‘चल, एष्टी जाईल.’ आणि गेले की हो ते! त्यानं विचारलं होतं, आबा! नको असलेला माणूस विचारतो का? तुम्ही काहीही बोलायचं होतं. मी आनीन तिला म्हणायचं, बाईला विचारून सांगतो म्हणायचं, त्याच्या मागं दोन पावलं जायचं. तुम्ही तबकाकडं बघत बसलात. मी काय चौकट होते? चीर दाखवली, गिऱ्हाईक गेलं, चौकट राहिली ओसरीत!

गावभर झालं. पुढं एक बिजवर आला, दोन लेकरांचा बाप, त्यालाही तुम्ही तेच ऐकवलंत. त्याच्यानंतर कुणी फिरकलं नाही. मी सातवीची फायनल दिली होती, शाळेत मास्तरीण झाले, आणि महिन्याला पौडाची वाट काही सुटली नाही. असंच एकदा गेलो तेव्हा कळलं, नांद्याची ती गेली. दुसऱ्या बाळंतपणात. सासरी ताप परतून आला होता, शेवटी आडवं पडता येईना, बसूनच असायची, पाय सुजून खांब झाले होते. डॉक्टरीणबाई खिडकीकडं तोंड करून म्हणाली, ‘औषधाचं काय, ते काम करतं. घ्यायला कुणी येऊ दिलं पाहिजे ना.’ परतताना तुम्ही पहिल्यांदा मागं वळून माझ्याकडं बघितलंत. तुम्हाला वाटलं असेल, आता पोरीला उमगलं.

मला काय वाटलं सांगू? मला तिचा हेवा वाटला. तिच्यामागं एक मुलगी होती. तिला कपाळभर कुंकू लावून नेलं. जायला मीही तयार होते, आबा, दोन वर्षं का होईनात, त्या घरात जाऊन मेले असते. तुम्ही दोघांनी मिळून माझं काळीज राखलंत, बाईनं औषधानं आणि तुम्ही सत्यानं. पण ते घेऊन करायचं काय, हे मला एकानंही विचारलं नाही. वाट तशीच होती, पिरंगुटाकडची गाडी धूळ उडवत गेली, आणि तुम्ही पुढं, मी मागं, असे आपण घरी आलो.

मग तुम्हीच गेलात. धड काळजाचा माणूस, कावीळ होऊन. शेवटच्या दिवसात आईला म्हणालात, ‘तिची सुई चुकवू नगं.’ मी उशाशीच होते, तरी आईला सांगितलंत. त्यानंतरच्या महिन्यात मी एकटीच पौडाला गेले आणि स्टँडवर बसून राहिले. म्हटलं, आता कुणी बघणारं नाही, जळो ती सुई, सुटू दे एकदाचं. तीन गाड्या गेल्या. मला ओरडून रडायचं होतं आणि तेही येईना. शेवटी उठले, दवाखान्यात गेले, सुई घेतली आणि लंगडत घरी आले. पुढंही, बाई ‘आता पुरे’ म्हणेपर्यंत, एक महिना चुकवला नाही. का, ते विचारू नका. मला सांगता येणार नाही.

पाठवायचं तरी कुठं, म्हणून हे असंच राहील. एक मात्र सांगते. परवा त्या डॉक्टरकडं आत जायच्या आधी खिडकीतल्या मुलीनं केसपेपर करताना विचारलं, ‘आजी, लग्न झालंय?’ मी हो म्हटलं. ‘यजमानांचं नाव?’ ज्यानं ‘किती वर्सं’ विचारलं होतं, त्याचं नाव मी सांगितलं, आडनावासकट. तिनं लिहून घेतलं. थोड्या वेळानं त्याच आडनावानं मला पुकारलं, आणि मी उठून आत गेले.