बटण गेला, बाबांना काही विचारू नकोस

दादा,

आपला बटण गेला रे. सकाळी बाबा शिलाई मशीनवरून उठले आणि तो त्यांच्या पायाशीच झोपला होता. त्यांना दिसलाच नाही. मी धावत दवाखान्यात नेलं, पण डॉक्टर म्हणाले, "सव्वा किलोचा जीव तो. पाय पडला की संपलं."

घेण्याआधीच डॉक्टरांनी बजावलं होतं, एवढं लहान कुत्रं सारखं पायात येतं, घरात कुणाला कमी दिसत असेल तर विचार करा. आपण माना डोलावल्या आणि आई गेल्यावर बाबांना सोबत हवी म्हणून आणलाच. चूक आपली आहे, बाबांची नाही.

मी त्याला आत्याच्या अंगणात पुरायला घेऊन चाललेय. बाबा नको म्हणाले यायला.

जेवण झाकून ठेवलंय, त्यांना तुझ्याबरोबर बसव. दुसरा आणू या, असं चुकूनही म्हणू नकोस.

सकाळपासून ते घरात पाऊल न उचलता, पाय जमिनीला घासत चालतायत. मी म्हटलं, "बाबा, आता खाली कुणी नाहीये."

"असू दे," म्हणाले.

छोटी