काडेपेट्यांचं यार्ड

२ जून, सकाळ
आजपासून तंबाखूचा खर्रा बंद, दीक्षाचा अभ्यास चालू. पोरगी बीसीएच्या डेटा स्ट्रक्चरमध्ये अडकली. सप्लीमेंट्रीचं प्रॅक्टिकल बावीसला. यात गेली तर वर्ष वाया.
अडलंय कुठे, तर रॅडिक्स सॉर्टमध्ये. पुस्तक वाचून हसूच आलं. आकड्यांची आपसात तुलना करायचीच नाही. एकक बघून दहा लाइनींत टाका, क्रमानं उचला, मग दशक बघून पुन्हा तेच. अरे, भिलाई-३ च्या रेल्वे यार्डात वॅगनी लाइनीलाइनीत लावताना मी जन्मभर दुसरं काय केलं? घरात शंटिंग मास्टर आणि ट्यूशन बाहेर! काखेत कळसा, गावाला वळसा.

५ जून
काडेपेट्या म्हणजे वॅगनी. फरशीवर खडूनं साइडिंग, म्हणजे बाजूच्या लाइनी, शून्य ते नऊ. पेट्यांवर ४२, १७, ३५ लिहिले. एककावर: ४२, ३५, १७. दशकावर: १७, ३५, ४२. पहिल्या फटक्यात! कोण मोठा, कोण लहान, कुणाला विचारलं नाही. दीक्षानं टाळ्या वाजवल्या. खर्रा एकच, आनंदाचा.

९ जून
४२, २७, २१, ४५. एककाला ठीक: २१, ४२, ४५, २७. दशकाला दोनच्या लाइनीत २१ गेला, मागून २७. उचललं यार्डाच्या रीतीनं. साइडिंग एका बाजूनं बंद असते, शेवटी ढकललेली वॅगन आधी निघते. आले २७, २१, ४५, ४२.
दीक्षा म्हणाली, "पप्पा, जो पयले गेला तो पयले निघाले पायजे न? किताब में तो वही लिखा है." म्हटलं, किताबवाल्यानं कधी इंजिन लावलं का?
रडवेली झाली. सत्यशीलानं झापलं, "पोरीले कावून रडवून राहिले? वैशाली नगरच्या टीना मॅडमकडे ट्यूशनले जाऊ द्या तिले." बायको असून नवऱ्याच्या नोकरीवर भरवसा नाही. जाऊ दिलं नाही.

१५ जून
पुन्हा उलटंच. फरशीला उतार असेल.
रात्री पुस्तक गुपचूप पुन्हा उघडून बघितलं. पण आता बापानं माघार घेतली तर पोरीचा कॉन्फिडन्स जाईल. माझी रीत तिच्याकडून पाठ करून घेतली.

२२ जून, संध्याकाळ
व्हायवात नेमका हाच प्रश्न. दीक्षानं माझ्या रीतीनं केलं. आल्या आल्या फरशीवरच्या काडेपेट्या उचलून ठेवल्या. बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल परीक्षकानं यार्ड बघितलेलं नसणार. उद्याच कॉलेजात जाऊन समजावतो.

२३ जून
ड्यूटी होती. नव्हती, पण जाणं झालं नाही.

८ जुलै
नापास.
सत्यशीलानं आज सांगितलं. व्हायवात एक्स्टर्नल सरांनी विचारलं होतं, "ये उल्टा तरीका किसने सिखाया?" दीक्षा म्हणाली, यूट्यूब से.
आधी वाटलं, चला, नाव आलं नाही. मग ताट बाजूला सारलं. दीक्षाला विचारलं, माझं नाव का नाही सांगितलंस? म्हणाली, "सगळे हसून राहिले होते, पप्पा. तुमच्यावर हसले असते."
फार रडू आलं. तिच्यासमोरच आलं.