दारातल्या चपला

सूनबाई,

मी सूट परत करायला अंतराळ केंद्रावर चाललेय. तू आणि तुझा नवरा ढाराढूर झोपला होतात, म्हणून उठवलं नाही. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून खा. बातमीदार दार ठोकतील, उघडू नकोस. पलीकडच्या देशाचा वेताळ अजून जमिनीवरच आहे आणि आपली हडळ आकाशात जाऊन आली, एवढं छापायला तुझी झोपमोड कशाला?

एक सांगायचं राहिलंय. तुझ्या सूटचे बूट चारचौघांसारखे सरळ शिवले ते मीच. केंद्रातल्या साहेबांनी तसं सांगितलं नव्हतं. म्हटलं, फोटोत तुझी उलटी पावलं दिसायला नकोत. तूही मुकाट्याने त्यांत पाय कोंबलेस. मग वर ते पाय यानावरच्या पाय रोवायच्या कडीत अडकेनात, यानाबाहेर तू दहा मिनिटं नुसती हातांवर लोंबकळलीस. इकडे रेडिओपाशी माझ्या पायाखालची जमीन सरकली होती. शेवटी तुझा आवाज आला, "आईंना सांगा, आत आले." तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आज साहेबांना खरं काय ते सांगून टाकते. पुढचे बूट तुझ्या पावलांचं माप घेऊनच शिवेन.

आणि हो, तू घरात आलीस तरी तुझ्या चपला बाहेर निघाल्यासारख्या दिसतात, म्हणून रोज मी त्या गुपचूप फिरवून ठेवायचे. आज हात लावलेला नाही. शेजारीण आत्ताच विचारत होती, "सून कुठे निघाली?"

म्हटलं, "निघाली कुठे? घरी आलीय."