बिनगाठीचा धागा

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून फुरंगटून बसू नकोस. इकडे आम्ही बरे आहोत. तुझ्या भावोजींचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघा कुरकुरला की तेही कुरकुरतात. त्यांचं मनावर घ्यायचं नाही हे तुला ठाऊकच आहे.

भिंगरी माझ्याकडे सुखरूप आहे. वेळेवर जेवते, मला भांडी घासू देत नाही, पण बोलत नाही. तुझ्या लेकीला भिंगरी हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं आता येऊन तिला पाहावं. खिडकीशी बसली की बसली.

काय झालं ते तिनं तुला दोन ओळींत कळवलं असेलच. मी नीट सांगते, कारण आमच्या विणकर मंडळाच्या आतल्या गोष्टी तुला ठाऊक असायचं कारण नाही. आमच्या लांब दालनात एक्केचाळीस माग आहेत, त्याहून एकही जास्त नाही. जागा रिकामी झाली तरच नवा विणकर घ्यायचा, आणि दालनात एका घराचा एकच माग. यंदा एक जागा होती, उमेदवार तिघं. प्रत्येकानं आपापल्या घरी, एकट्यानं, स्वतःच्या हातानं पाच हात कापड विणून आणायचं. त्याला परीक्षेचा पट्टा म्हणतात. पट्ट्यावर नाव नसतं, नुसता खडूनं आकडा. तिन्ही पट्टे दालनात आठ दिवस दोरीवर टांगलेले होते. येता-जाता लोक हात लावून बघत होते, उलटून बघत होते, वास घेणारेसुद्धा निघाले.

मग मतदान. प्रत्येकाला एकाच लडीतला वीतभर धागा मिळतो. पडद्याआड जायचं. पसंत असेल तर धाग्याला गाठ मारायची, नसेल तर धागा तसाच सुटा ठेवायचा, आणि मडक्यात टाकायचा. एकसुद्धा सुटा धागा निघाला तर उमेदवार नापास. जन्मभर शेजारी शेजारी बसून काम करायचं, तर कुणाच्या मनात अढी नको, असा त्यामागचा हेतू.

भिंगरीच्या पट्ट्याला चाळीस गाठी पडल्या. एक धागा सुटा.

बाकी दोघांना तर डझनभर सुटे धागे पडले, त्यांचं कुणाला काही वाटलं नाही. पण चाळीस गाठी आणि एक सुटा, असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. आता पाच वर्षं तिला पुन्हा अर्ज करता येणार नाही. ती म्हणते, मी गिरणीत यंत्रावर जाते. पाच वर्षं यंत्राची बटणं दाबली की हात मागाचा राहत नाही, हे तिला कोण सांगणार?

दालनात आता सगळे एकमेकांकडे तिरप्या नजरेनं बघतात. मी मंडळाची प्रमुख, त्यामुळे जो तो मलाच विचारतो, "ताई, कोण असेल हो?" मी कुणाचं नाव घेणार? पण खरं सांगू, माझा रंगाऱ्यावर संशय आहे. म्हातारा आमचं सूत रंगवतो, माग नसला तरी तोही सभासद आहे. पट्टे टांगलेले असताना भिंगरीच्या कापडापुढे तो बराच वेळ उभा होता. कापड दोन बोटांत धरून मला म्हणाला, "हा हात कुठंतरी पाहिल्यासारखा वाटतो." असं कुणी उगाच बोलतं का? त्याच्या पोटात काहीतरी आहे.

तुझं कसं आहे? मनगट दुखत होतं म्हणालीस, आता बरं आहे ना? गेल्या दोन महिन्यांत मागावर बसली होतीस का? भिंगरीनं पट्टा कुठल्या खोलीत विणला? दार लावून घेत होती की उघडं असायचं? सहज विचारते आहे.

तुझी,
ताई


२३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ: "ताई, माझ्या मनगटाची चौकशी तू अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच केलीस."

दोन दिवस तो कागद कपाटावर पडून होता. तुझे भावोजी म्हणाले, "धाकटी चिडली का?" मी म्हटलं, "तिला चिडायला काय झालं?" माझा आवाज मलाच खोटा वाटला.

इथली बातमी सांगते. रंगाऱ्याकडे कुणी सूत टाकेनासं झालंय. मी कुणाला सांगितलं नाही बरं. अंगणात बायका बोलत होत्या, मी नुसतं एवढंच म्हटलं की म्हाताऱ्याच्या मनात काय चालतं कोण जाणे. एवढंच. दुसऱ्या दिवशी तीन जणींनी आपापलं सूत परत मागून घेतलं. परवा त्याच्या दारावरून गेले तर रंगाच्या टाक्या कोरड्या, आणि म्हातारा पायरीवर बसून नखांतला निळा रंग खरवडत होता. त्यानं मला "बसा ताई" म्हटलं. मी घाईत आहे म्हणून सटकले.

आमचा चिटणीस मात्र नियमाचा पक्का. त्यानं नियमांची पोथी काढली. मतदानानंतर चाळीस दिवसांच्या आत सुटा धागा टाकणारा सभेत उभा राहिला, आपलं नाव आणि कारण सगळ्यांसमोर सांगितलं, आणि कारण चुकीचं ठरलं, तर मतदान रद्द होऊन पुन्हा घेता येतं. मंडळात कुणालाच हे आठवत नव्हतं, कारण आजवर कुणी उभंच राहिलं नाही. तुझ्या लेकीला हे कळल्यापासून ती रोज दालनात येते. कुणी बोलावलेलं नसतं. कांड्या भरायला मदत करते आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघते. माझ्याकडे तर फार बघते. म्हणजे, मावशीकडे बघतेच ना कुणीही.

काल घरी मी तिला म्हटलं, "बस माझ्या घरच्या मागावर, वीतभर विणून दाखव." ती म्हणाली, "कशाला, मावशी?" मी म्हटलं, "मला बघायचंय." बसली. धोटा टाकला, फणी ओढली, एक ठोका जोराचा आणि लगेच मागून एक हलका. पुन्हा धोटा, पुन्हा जोराचा, पुन्हा हलका. डावा काठ पट्टीनं आखल्यासारखा, उजवा किंचित आत ओढलेला.

मी म्हटलं, "पुरे." ती म्हणाली, "अजून वीत झाली नाही." मी म्हटलं, "पुरे म्हटलं ना!" पोरगी घाबरली बिचारी. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे इकडचे तिकडे केले.

आईच्या मांडीवर बसून शिकलेली मुलगी आईसारखंच विणणार, हे मला आधी सुचायला हवं होतं. का सुचलं नाही, ते या पत्रात लिहीत नाही.

मनगटाला तिळाचं तेल चोळ.

ताई


८ मार्च

धाकटे,

या वेळी आशीर्वाद लिहीत नाही. आधी सगळं लिहिते, मग तुला हवे असले तर मनानं घे.

सुटा धागा माझा होता.

पडद्याआड गेले तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं: हे कापड धाकटीनं विणलंय. तो दुहेरी ठोका, तो उजवा काठ. मी तो हात ओळखला, आणि माझी खात्रीच झाली की तू लेकीला पट्टा विणून दिलास. मला राग आला, लाजही वाटली. म्हटलं, मी प्रमुख असताना माझ्याच घरातनं लबाडी? आणि धागा सुटाच टाकला. पट्टा एकट्यानं विणलाय का, हे एका शब्दानं पोरीला विचारलं नाही.

मला ही लबाडी इतक्या चटकन सुचली, कारण ती मी केलेली आहे.

तुला हे सांगायची गरज नाही, पण एकदा माझ्या हातानं लिहिलं जाऊ दे. जिन्यावरून पडून माझं मनगट मोडलं, तेव्हा माझा पट्टा साडेतीन हात झाला होता आणि मुदतीला आठ दिवस होते. उरलेला दीड हात तू विणलास, दार लावून, मी खाली बसून कांड्या भरत असताना. दिवस-दिवस उठली नाहीस, आणि तुझं मनगट तेव्हापासून दुखतंय. पट्टा पसंत पडला, जागा मला मिळाली. एका घरात एकच माग, म्हणून तुझा अर्ज कधी घेतलाच गेला नाही. तू माझ्याहून चांगली विणायचीस. हे सगळ्या घराला माहीत होतं आणि कुणी बोललं नाही. मी तर नाहीच. तुला साधं "बरं झालं गं तू होतीस" एवढंही कधी म्हटलं नाही. तुझ्या लग्नात माझी गडबड बघून लोक म्हणाले, बहीण असावी तर अशी. मला तेव्हा वाटलं होतं, ही लवकर सासरी गेलेली बरी.

आमच्याकडे प्रत्येक सभासदाचा पट्टा दालनाच्या कपाटात जपून ठेवतात. माझाही आहे. भिंगरीच्या पट्ट्याचं कारण सभेत सांगायला उभी राहिले, तर पहिला प्रश्न येईल, "तुम्ही बहिणीचा हात कशावरून ओळखला? तिचं कापड तर मंडळात कधी आलंच नाही." आणि तुझं कापड मंडळात आहे, माझ्या नावाखाली. म्हणून मी गप्प बसले. म्हणून रंगाऱ्याकडे बोट दाखवलं, तेही बोट न उचलता. त्याच्या त्या बोलण्यानं मला घाम फुटला होता, की यानं ओळखलं. त्याच्यावर संशय असता तर एक वेळ बरं, मला त्याची भीती होती.

काल सकाळी तो घरी आला. तुझ्या भावोजींनी खुर्ची दिली, बसला नाही. म्हणाला, "ताई, उद्या माझं नाव सभेत निघणार असं ऐकतो. निघू दे. पण मी त्या पोरीला गाठ मारली होती, एवढं तुम्हाला माहीत असावं."

तो पुढे म्हणाला, "तुम्हालाही मारली होती, अठ्ठावीस वर्षांपूर्वी. तुमच्या पट्ट्याच्या शेवटी हात बदललेला मला तेव्हाच दिसला होता."

"मग गाठ का मारलीत?" मी विचारलं.

"तुमचं मनगट गळ्यात बांधलेलं होतं. मला वाटलं, घरात दोघी आहेत, एकीला तरी माग मिळू दे. आज ना उद्या तुम्ही स्वतः सांगाल असंही वाटलं."

त्यानं धमकी दिली नाही. दिली असती तर मला सोपं गेलं असतं. जाताना पायरीवर थांबून चप्पल घालायला त्याला वेळ लागला, आणि मी आतून नुसती बघत राहिले. मग भिंगरीनं पुढे होऊन त्याला हात दिला.

उद्या चाळिसावा दिवस आहे. सभा दुपारी तीनला. हे पत्र तुला मिळेल तेव्हा ती उरकलेली असेल, आणि मी ते मुद्दाम उशिरा टाकते आहे. आधी टाकलं असतं तर तू गाडीत बसून आली असतीस आणि सभेत उभी राहून म्हणाली असतीस की ताईचा सगळा पट्टा ताईनंच विणलाय. मला तुझी खात्री आहे. तुझ्याबद्दल गेल्या दोन महिन्यांत मला वाटलेली ही एकच खरी खात्री.

चिटणिसाला मी नियम विचारला, दुसऱ्या कुणासाठी विचारतेय असं दाखवून. परीक्षेचा पट्टा परक्या हाताचा निघाला तर नाव कमी होतं आणि माग त्याच दिवशी बंद. त्याला क्षमा नाही, मुदतही नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, मग चष्मा पुसू लागला. तुझ्या भावोजींना जेवताना सांगितलं. ते बराच वेळ गुडघा चोळत बसले आणि म्हणाले, "मग आता घरी बसून माझ्याशी भांडायला वेळ मिळेल म्हणायचा." मी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच रडले.

भिंगरीला अजून सांगितलेलं नाही. ती सभेत समोरच बसेल आणि सगळ्यांबरोबरच ऐकेल. मला फार भीती आहे ती त्याचीच, नाव कमी होण्याची एवढी नाही. मतदान पुन्हा होईल तेव्हा मडक्यात माझा धागा नसेल. बाकीचे चाळीस जण गाठ मारतीलच असं मला वाटतं, पण आता मी कुणाबद्दलच काही पैजेवर सांगत नाही.

तू मला उत्तर लिहावंस असं म्हणायचा मला हक्क नाही. लिहिलंस तर मायना काय घालायचा ते तू ठरव. इतकी वर्षं मी पत्राखाली 'तुझी ताई' असं बेधडक लिहीत आले. आज तेवढी जागा तुझ्यासाठी कोरी सोडते आहे.

तुझी,