तीनशे चार पानांनंतर

४ फेब्रुवारी, रविवार

स्तंभ आला. एक वाक्य कापलंय – अर्थात सगळ्यात चांगलं. आमच्या उपसंपादकाला नाक आहे. नेमकं चांगलं वाक्य हुंगून काढतो.

पण ‘बत्तीस प्रकाशवर्षं’बद्दल म्हणायचं ते म्हणून झालं. पहिली तीनशे चार पानं मी जांभया देत वाचली. अंतराळयानाची कप्तान, सगळे मेल्यावर एकटी उरलेली. दर वीस पानांनी तिच्या दंडाच्या स्नायूंचं वर्णन – लेखक पुरुष आहे हे मुखपृष्ठ न बघता कळतं. यंत्रांची नावं अशी की जीभ दुखावी. आणि मग ते शेवटचं प्रकरण. कप्तान यानाच्या दाराशी. बाहेर काय आहे ठाऊक नाही. ‘तिनं खटका ओढला आणि’ – आणि उजव्या पानावर – ‘समोर स्वयंपाकघर होतं.’

बस्स. शेगडी चालू. ती शेगडी बंद करते. सोळा पानं नुसती घरातून फिरते, एकेक दिवा मालवते, किल्ल्या टेबलावर ठेवते, चपला घालते, निघून जाते. तिचं नाव नाही, नुसती ‘ती’. यानाचा उल्लेख नाही. खुलासा नाही. कुणी वाचवायला येत नाही. मी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा उभ्यानं.

लिहून टाकलं – गेल्या दहा वर्षांतला सर्वांत धाडसी शेवट. सतरा वर्षं दर रविवारी चारशे शब्द लिहितेय, त्यात शेवट आवडलेली पुस्तकं आजवर तीन. राजपुत्र सिंहासनाच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवतो आणि पुस्तक संपतं, ते. पोलीस अधिकारी दार ठोठावायला हात उचलतो आणि संपतं, ते. यंत्रमानवाला ‘तुला काय हवंय?’ असं पहिल्यांदाच कुणीतरी विचारतं आणि संपतं, ते. हे चौथं. बाकी सगळ्या लेखकांना, निघालेल्या पाहुण्यासारखी, दारात उभं राहून अर्धा तास बोलायची खोड.

६ फेब्रुवारी

ऑफिस. दिवसभर विम्याचे दावे. जळालेले फ्रिज, आपणहून घसरलेल्या मोटारी. इथली कल्पित कथा कादंबऱ्यांपेक्षा बरी असते, कारण लिहिणाऱ्याला खरंच काहीतरी हवं असतं.

शेजारच्या टेबलवालीनं वाचनालयातून माझा राजपुत्र आणलाय. ‘तू एवढं लिहिलं होतंस म्हणून घेतलं गं. पण दर दोन पानांनी नकाशा बघावा लागतो.’ म्हटलं, नकाशा सोड, नुसती चालत राहा.

संध्याकाळी नवी अद्भुत कादंबरी उघडली. पाच खंडांतला पहिला. नकाशा, वंशावळ, अवघड शब्दांची यादी. गोष्ट सुरू व्हायच्या आधी इतके कागद तर आम्हीही मागत नाही. ड्रॅगन आहे, पण शहाणा – उपदेश करतो. ड्रॅगननं आग ओकावी. उपदेशाला मला मोठी नणंद आहे.

७ फेब्रुवारी

ड्रॅगन मेला, पान चारशे दहा. निदान त्याची तरी सुटका झाली.

८ फेब्रुवारी, गुरुवार

‘बत्तीस प्रकाशवर्षं’च्या लेखकाचा फोन. आवाज तरुण, फार अदबीचा. ‘मॅडम, आभार मानायचे होते. पण माझ्या कादंबरीत स्वयंपाकघर नाहीये.’

‘आहे की. पान तीनशे पाच.’

‘तीनशे पाचवर सेनापती येतो.’

‘कोण सेनापती?’

‘तिला वाचवतो तो. शेवटी त्यांचं लग्न होतं.’

म्हटलं, अभिनंदन.

त्यानं फोन ठेवल्यावर वाचायचा चष्मा लावला आणि पुस्तक पुन्हा काढलं. सोळा पानं एका मोठ्या कागदावर छापतात, तो दुमडला की फर्मा. असे वीस फर्मे शिवले की तीनशे वीस पानांचं पुस्तक. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी, मुंगी चिरडल्यासारखी, एक बारीक खूण असते – पुस्तकाचं अक्षर आणि फर्म्याचा आकडा. पान दोनशे एकोणनव्वदला ‘ब १९’. पान तीनशे पाचला ‘मं २०’.

‘मं’ म्हणजे ‘मंद आच’. त्याच प्रकाशकाची, त्याच आठवड्यात आलेली थरारकथा. हळूहळू विष घालणारा नवरा आणि ते ओळखणारी बायको. तेवढीच पानं, तोच टाइप, माझ्याच टेबलावर न वाचलेली पडून. कप्तानच्या पुस्तकाला त्या बायकोचा शेवट शिवला गेलाय.

सतरा वर्षं पुस्तकं वाचतेय आणि पानाच्या तळाकडे कधी पाहिलं नाही!

१० फेब्रुवारी, शनिवार

दुकानात जाऊन ‘बत्तीस’ची धड प्रत घेतली. खरा शेवट वाचला. सेनापती येतो. त्याच्या छातीवर पदकं आहेत आणि पदकांमागे छाती आहे, दोन्हीचं सविस्तर वर्णन. कप्तान – जिनं तीनशे पानं एकटीनं यान हाकलं ती – त्याच्या खांद्यावर रडते. शेवटची दोन पानं लग्न.

संपादकाचा फोन आला तो ह्याच मनःस्थितीत. ‘ताई, लोक हसताहेत.’

‘हसू देत. तुमच्या विनोदाच्या पानावर कुणी हसत नाही, तेवढीच भरपाई.’

तो हसला नाही. प्रकाशक जाहिरातदार आहे, लेखकाचे मित्र पत्रं पाठवताहेत. खुलासा त्यानं तयारच ठेवला होता, वाचून दाखवला – सदोष बांधणीमुळे स्तंभलेखिकेची दिशाभूल झाली, सदर परीक्षण रद्द समजावे. गुरुवारपर्यंत खाली माझी सही. नाहीतर ‘स्तंभाला जरा विश्रांती देऊ या’. माझ्या वयाच्या बाईला विश्रांती देऊ करणारा माणूस नेहमी काहीतरी काढून घ्यायला आलेला असतो.

नवऱ्याला सांगितलं. हा माणूस फक्त मिक्सर-गीझरची माहितीपत्रकं वाचतो, पण शेवटपर्यंत वाचतो. ‘अगं, तुझी चूकच नाही. मशीनबरोबर भलतं पत्रक आलं तर आपण कंपनीला कळवतो. तसं कळव आणि मोकळी हो.’

‘आणि भलत्या पत्रकानं मशीन जास्त चांगलं चाललं तर?’

त्यानं हातातलं गीझरचं पत्रक मिटलं. मग म्हणाला, ‘तर कळवू नये.’

माझी दिशाभूल झालेली नाही. मी जे वाचलं ते चांगलं होतं. एवढंच तर लिहिलं होतं.

१२ फेब्रुवारी

‘मंद आच’ वाचली. चांगली आहे. पण गंमत अशी की तिच्या जागी तो शेवट साधाच वाटतो. नवरा मेलाय, पोलीस येऊन गेलेत, बाई घर बंद करून निघते. नीटनेटकं. आवराआवर. यानाच्या दाराशी मात्र तेच स्वयंपाकघर उघडतं तेव्हा अंगावर काटा येतो – इतकी वर्षं अवकाशात हिंडून ही पळत होती कशापासून, ते एका शेगडीत कळतं.

हे दोन्ही लेखकांपैकी एकालाही सुचलेलं नाही. चुकीला सुचलं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

अर्धी रजा टाकून बायंडिंगखान्यात गेले. चूक बघायला. आपण जिची तारीफ केली तिला भेटावं तरी.

लांबलचक खोली, खळीचा वास. मधे एक लांब टेबल, त्यावर फर्म्यांचे वीस ढीग. टेबलाभोवती बायका चालतात, प्रत्येक ढिगावरचा एक फर्मा उचलत. एक फेरी, एक पुस्तक. त्यांतली सगळ्यात वयस्कर, अंगठ्याला रबरी टोपी, ढिगांकडे न बघता उचलत होती.

मालकानं तिच्याकडेच बोट केलं. ‘हीच ती. तीस वर्षं झाली, आता हात-डोळे कामातून गेलेत. प्रकाशकाचा निरोप आहे – बांधणीचा दोष पेपरात आला तर कुणाची चूक ते लेखी द्या. तुम्ही एकदा छापा, म्हणजे मलाही हिला घरी बसवायला बरं.’

ती चालतच होती. एकोणीस, वीस, ठोकून सरळ, पुढचं.

म्हणजे माझ्या सहीचं वजन हे आहे. मी म्हटलं, बघते. त्याचा फोन वाजला, तो आत गेला.

मी तिच्याबरोबर टेबलाभोवती चालायला लागले, नाहीतर बोलता येत नाही. तीच आधी बोलली. ‘बाई, तुमचा तो पायरीवरचा राजपुत्र कापून ठेवलाय मी. काय छान लिहिलंत. पेपर त्याच्यासाठीच घेते.’

गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू. सतरा वर्षांत वाचक भेटली ती अशी. ‘तुम्ही वाचता ही पुस्तकं?’

‘हातात फर्मा आला की डोळा जातोच. तुमचं पाकीट मीच बांधते ना. परीक्षणाच्या प्रती इथूनच निघतात.’

‘पण असं तुकड्यातुकड्यांनी –’

‘शेवट आधी वाचते. विसावा ढीग ह्या टोकाला, माझ्याजवळ.’ एक पुस्तक ठोकून ठेवलं. ‘बहुतेकांचा नसता तरी चाललं असतं.’

हे वाक्य चोरायचं, तिथल्या तिथे ठरवलं.

निघताना गमतीनं म्हटलं, ‘आता कुणाच्या तरी “मंद आच”मधे सेनापती घुसला असेल. नवऱ्याच्या प्रेतापाशी पदकं लावून उभा.’

‘नाही हो. तो रद्दीत गेला.’ आणि पुढच्या फेरीला लागली.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

खुलाशावर सही केली नाही. त्याऐवजी चारशे शब्द पाठवले. लिहिलं – मी वाचलेला शेवट त्या पुस्तकाचा नव्हता. तो लेखकाचा नाही, एवढं कबूल. तारीफ मागे घेत नाही. खरा शेवट वाचला आहे. सेनापतीला माझ्या शुभेच्छा, पण कप्तानला त्याची गरज नव्हती, वाचकाला तर मुळीच नव्हती. बहुतेक पुस्तकांना शेवट नसता तरी चाललं असतं. बायंडिंगखान्याचा, चुकीचा, टेबलाभोवती चालणाऱ्या कुणाचाही उल्लेख केला नाही. शेवट माझ्या हाती कसा आला हे विचारायचा हक्क फक्त कप्तानला.

संपादकाचा फोन दहा मिनिटांत. ‘ताई, खुलासा मागितला होता.’

‘हाच खुलासा.’

‘बांधणीची चूक आहे एवढं एक वाक्य घाला. एकच. पुढच्या रविवारपासून सगळं पहिल्यासारखं.’

‘तुम्ही माझी इतकी वाक्यं कापलीत, हे मीच कापलं असं समजा.’

माणूस वाईट नाही. म्हणाला, ‘सतरा वर्षं झाली ताई.’

‘मलाही मोजता येतं.’

फोन ठेवला. नवऱ्यानं न विचारता चहा केला. साखर दोनदा घातली.

१७ फेब्रुवारी

टेबलावर न वाचलेली सात पुस्तकं. एकात काळ उलटा वाहतो, एकात खुनी आपणहून सांगतो की खुनी मीच. कुणासाठी वाचू? वाचायला लागले तरीही. काळ उलटा वाहतो त्यात नायक अजून सुलटाच मूर्ख आहे.

१८ फेब्रुवारी, रविवार

माझ्या जागी ‘घरातल्या झुरळांचा कायमचा बंदोबस्त’. तेवढेच शब्द, चारशे. शेवट चांगला आहे.

१९ फेब्रुवारी, सोमवार

शेजारच्या टेबलवालीनं राजपुत्र संपवला. ‘सगळं छान गं, पण राज्याभिषेक किती ताणलाय.’

कसला राज्याभिषेक?

घरी आले ती चप्पल न काढता कपाटाशी. माझा राजपुत्र दोनशे अठ्ठ्याऐंशी पानांचा. वाचनालयाचा तीनशे चार. दार ठोठावायला हात उचलणारा पोलीस दोनशे चाळीस. यंत्रमानव दोनशे बहात्तर. सगळ्यांना सोळानं भागलं. बाकी शून्य. तिन्ही पुस्तकांच्या पाठीत बोट घातलं – शेवटच्या पानामागे ढिलाई आहे, एका फर्म्याएवढी.

तीनदा नुसतं काढून भागलं. चौथ्यांदा शेवट शोधून आणावा लागला असेल.

उद्या अर्धी रजा, पुन्हा बायंडिंगखाना. चारही पुस्तकं पिशवीत भरलीत, पेन तपासून ठेवलंय. लेखिकेची सही घ्यायची आहे.