उष्णतेचा सदुपयोग

४ मार्च, सकाळ
सर्व्हरची रॅक दारात अडकली आहे. अर्धी आत, अर्धी रस्त्यावर. हमाल सावलीत बसून चहा पितायत आणि मी पायरीवर बसून हे लिहितोय. दार मीच मोजलं होतं. चौकट मोजायची राहिली.

गोदाम सासऱ्यांचं. ते येऊन गेले. चौकटीवरून हात फिरवला आणि गेले. पाठिंबा आहे.

४ मार्च, संध्याकाळ
चौकट काढली. रॅक आत. शहरातलं पहिलं हरित डेटा सेंटर. एसी नाही. बाहेरची हवा एका बाजूने आत, सर्व्हरची गरम हवा दुसऱ्या बाजूने बाहेर. छपरावर सोलर पॅनेल. मोठ्या देशांतले फंड आपल्यासारख्या बाजारपेठा शोधत फिरतायत. करून दाखवणारा माणूस त्यांना मिळत नाही. आता मिळेल.

२८ तारखेला अशाच एका फंडाच्या अधिकारी बाई पाहणीला येणार. त्यांनी होकार दिला तर गोदाम पाच वर्षं माझं. नाही दिला तर सासरे ते भाड्याने देणार. बायको म्हणाली, बाबांनी हे तुझ्यासमोरच सांगितलंय, मला पुन्हा पुन्हा विचारू नकोस. मी विचारलं नव्हतं. खात्री करून घेत होतो.

संकल्प : सहाला उठणे. सोडलेल्या नोकरीतल्या लोकांचे स्टेटस न बघणे.

७ मार्च
आठला उठलो. जुन्या साहेबांचं प्रमोशन झालं. माणूस सुमार होता.

सर्व्हर सुरू. ग्राहक नाहीत. अजून नाहीत. समोरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, आमच्या पेशंटचे कागद कपाटात सुखरूप आहेत, आणि कपाटाला वीज लागत नाही. दूरदृष्टी नाही.

मागच्या भिंतीला लागून लॉन्ड्री आहे. तिथल्या बाई आल्या. गरम हवेची तक्रार असणार म्हणून मी नियमावली काढून ठेवली. त्यांनी विचारलं, हा वारा रोज येणार का?

९ मार्च
सुचलं. आंघोळ अर्धी टाकून गोदामात गेलो. भिंतीला भोक पाडलं, पत्र्याचा पाईप काढला, गरम हवा थेट लॉन्ड्रीत. बाईंकडे एका हॉटेलचं काम असतं. चादरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाळल्या.

प्रेझेंटेशनमध्ये नवी स्लाइड : ‘समाजाशी जोडलेलं डेटा सेंटर’. खाली चादरींचा फोटो. बायकोने विचारलं, यात कॉम्प्युटर कुठे आहे? पाईपच्या पलीकडे, मी म्हणालो.

१२ मार्च
बाई म्हणाल्या, वारा कोमट येतोय. येणारच. सुरुवातीच्या चाचण्या संपल्या, आणि काम नसलं की सर्व्हर तापत नाहीत. बाईंना हे सविस्तर समजावलं, आकृती काढून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग लावा की त्यांना कामाला, भाऊ.

लावलं. मोठमोठ्या मूळ संख्या शोधायला. याला लोड टेस्ट म्हणतात. ती करावीच लागते. तात्पुरती.

१५ मार्च
क्षमतेचा वापर पंच्याण्णव टक्के. आलेख कितीतरी वेळ बघत बसलो. सोलर एवढ्याला पुरत नाही, म्हणून लाइनची वीज घेतोय. तीही तात्पुरती. मीटरकडे न बघणे, हे संकल्पात घातलं.

बाईंनी दुसरं हॉटेल धरलं. सासऱ्यांना ही प्रगती सांगितली. ते म्हणाले, जावईबापू, ग्राहक किती? मी वापराची टक्केवारी सांगितली. त्यांनी पुन्हा ग्राहक विचारले. या पिढीला तांत्रिक गोष्टी पचायला वेळ लागतो.

१९ मार्च
टॉवेल. टॉवेलांना उष्णता फार लागते. मूळ संख्या पुरेनात. आमच्या लग्नाचा व्हिडिओ या फॉरमॅटमधून त्या फॉरमॅटमध्ये नेतोय, आणि परत. सर्व्हर छान तापतात. बायकोला बोललो नाही.

कुठे बसवत नाही. गोदामात असलो की घरी जावंसं वाटतं, घरी पोचलो की चप्पल न काढताच परत फिरतो. घरी आलेल्या सासूबाईंनी विचारलं, काही हरवलंय का? वेग आलाय, बाकी काही नाही.

२३ मार्च
पहिला खरा ग्राहक. चौकातला फोटो स्टुडिओवाला. वडिलांच्या काळापासूनचे सगळे फोटो सुरक्षित ठेवायचेत म्हणाला, शक्य तर आजपासून. पण आज टॉवेलांचा दिवस. सर्व्हर गच्च भरलेले. त्याला म्हटलं, महिनाअखेरीला या, सध्या जागा फुल आहे.

‘जागा फुल आहे’ म्हणताना फार बरं वाटलं.

बायकोला सांगितलं. ती पेपर तपासत होती. कशाने फुल, तिने विचारलं. क्षमतेचं नियोजन, मी म्हणालो. तिने मान वर केली नाही. विद्यार्थ्यांची मुलखाची गिचमिड अक्षरं.

२७ मार्च
उद्या पाहणी. बाईंना विनवलं, उद्याचा दिवस टॉवेल नकोत. त्या म्हणाल्या, दोन्ही हॉटेलं भरलीत भाऊ, लोकांनी अंग कशाने पुसायचं? विचार केला. असू देत टॉवेल. जिवंत प्रात्यक्षिक.

२८ मार्च, संध्याकाळ
अधिकारी बाई वेळेवर आल्या. छपरावर चढल्या, पॅनेल बघितली, हवेची खिडकी बघितली, वहीत काही लिहिलं. मग मी आलेख दाखवला. एवढं काम कुणाचं, त्यांनी विचारलं. लोड टेस्ट, मी म्हणालो. त्यांनी स्वतःच स्क्रीन उघडली. तिथे मी आणि बायको, कॅमेऱ्याकडे बघून हसताना. शेजारच्या खिडकीत आम्हीच, पुन्हा हसताना.

त्यांनी काम थांबवलं. एकेक करून सगळं. पंखे मंदावले. थोड्या वेळाने पलीकडून भिंत ठोकल्याचा आवाज आला.

“भाऊ, गार झालं हो. टॉवेल राहिलेत अजून.”

मी चादरींच्या फोटोची, उष्णतेच्या सदुपयोगाची स्लाइड लावली. अधिकारी बाईंनी ती पूर्ण वाचली.

“पण उष्णता आधी वाया जावी लागते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ती मुद्दाम तयार करताय.”

एकूण प्रतिसाद चांगला. पॅनेल योग्य दिशेला बसवलीत, हे त्यांनी आपण होऊन सांगितलं.

३० मार्च
नकार. ईमेलमध्ये ‘सध्या’ असा शब्द आहे. सध्या म्हणजे कायमचा नव्हे.

दुपारी आम्ही दोघं सासऱ्यांकडे. त्यांनी गोदाम लॉन्ड्रीच्या बाईंना भाड्याने दिलं. त्यांचं काम वाढलंय, जागा पुरत नाही. मी एक महिना मागितला, ‘सध्या’चा अर्थ सांगितला. सासऱ्यांनी बायकोकडे बघितलं. ती माझी बाजू घेईल असं वाटलं.

“त्या स्टुडिओवाल्याला परत का पाठवलंस, एवढंच मला सांग,” ती म्हणाली.

उत्तर तयार होतं. दिलं नाही.

३१ मार्च, दुपार
बाई किल्ली घ्यायला आल्या. किल्ली दिली. सर्व्हर दुपारपर्यंत चालवाल का, त्यांनी विचारलं. कालचे टॉवेल ओले होते. मी चालू केले. बाराला टॉवेल वाळले. बंद केले.